डुगडुगणारी खुर्ची

माझी खोली वेल्डिंगच्या वर्कशॉपला लागून.
पूर्वी इथे हत्यारं ठेवायचे.
भिंतीवर त्यांच्या आकृत्या अजून आहेत :
पान्याच्या जागी पान्याएवढं पांढरं,
करवतीच्या जागी नुसते दात.
दारावर पाटी : मार्गदर्शन कक्ष.
तिच्याखाली कुणीतरी खिळ्याने कोरलंय,
'दुरुस्तीसाठी इथे टाका.'
मी ते खोडलेलं नाही.

एरेली गावात समुद्र काळा, पोलाद तांबडं,
आणि बाप तीन पाळ्यांमध्ये वाटलेले.
आमच्या शाळेत येतात ती मुलं
ज्यांच्याविषयी घरी कधीच ठरून गेलेलं असतं
की याचं डोकं पुस्तकात नाही, हातात आहे.
हे सांगताना आया माझ्याकडे बघत नाहीत,
स्वतःच्या हातांकडे बघतात.

मी प्रश्नावली देते. नव्वद प्रश्न.
तुला गटात काम करायला आवडतं का.
तुला रात्री झोप लागते का.
तुर्गायने नव्वद ठिकाणी 'कधी कधी'वर खूण केली,
वरून खाली, ओळंब्यात.
"वाचलेस का रे प्रश्न?"
"कधी कधी, होजाम."

येणाऱ्यासाठी माझ्याकडे एकच खुर्ची होती,
मागचा डावा पाय आखूड.
बसणारा डुगडुगायचा आणि मला कळायचं.
इलेक्ट्रिकलची सेरप म्हणाली, घरी सगळं छान आहे,
आणि खाली खुर्ची : टक्. टक्टक्. टक्.
मग मी चहा ओतायचे
आणि साखरपुड्याचं आपोआप बाहेर यायचं.
विद्यापीठात चार वर्षं जे शिकले
त्याहून जास्त मला या पायाने सांगितलं.
वरिष्ठांना हे लिहून कळवता येत नाही.

तुर्गाय बसला की मात्र खुर्ची गप्प.
कुठे किती भार टाकायचा
हे त्याच्या अंगाला आधीच ठाऊक होतं.
महिन्यात एकोणीस दिवस पहिल्या तासाला गैरहजर,
डोळे भट्टीसमोर बसल्यासारखे लाल.
"कानामागे पीठ राहिलंय," मी म्हटलं.
त्याने कान पुसला. बराच वेळ पुसत राहिला.
चहा निवला.
जाता जाता म्हणाला,
"हिचा पाय आखूड आहे, होजाम."

गुरुवारी खुर्ची नव्हती.
शुक्रवारी परत आली,
पायाला चार बोटं नवं लोखंड,
जोड माशाच्या खवल्यांसारखा,
एकावर एक, एकसारखा, कुठेही न घाईचा.
त्याच्या वहीत इतकं सुवाच्य काही
मी आजवर वाचलेलं नाही.

झालं, तेव्हापासून मी बहिरी.
मुलं येतात, ठाम बसतात,
पोटातलं पोटातच राहतं.
एकदा संध्याकाळी, शाळा रिकामी झाल्यावर,
मी करवत हातात घेतली होती, हे खरं आहे.

रिझा उस्तांशी मी बोलले. बेकरीचं नाव काढलं नाही.
ते म्हणाले, सकाळचं प्रात्यक्षिक संध्याकाळी घेईन,
मला काय, मी इथेच असतो,
घरी तरी कोण वाट बघतंय.
(ही आणखी एक खुर्ची. नंतर कधीतरी.)

बुधवारी तुर्गाय आला. बसला.
प्रथमच पाठ टेकवली,
भार सगळा सोडून दिला स्वतःच्या जोडावर,
आणि मी 'कसा आहेस' म्हणेपर्यंत झोपला.
भिंतीपलीकडे ग्राइंडर किंचाळत होता, त्याला पत्ता नाही.
तोंड किंचित उघडं, हात मांडीवर उताणे,
पोळल्याचे डाग काही वर्कशॉपचे, काही भट्टीचे,
मला त्यांतला फरक आता कळतो.

नोंदवहीत लिहिलं :
सत्र. चाळीस मिनिटं. विद्यार्थ्याचं सहकार्य उत्तम.

तेवढ्यात दार किलकिलं झालं. सेरप.
मी ओठांवर बोट ठेवलं, पायात बूट घातले,
आणि आम्ही दोघी बंदराच्या भिंतीपर्यंत
चालत गेलो.
तिथले दगड सगळे हलतात.