महिनाअखेर, भुसावळ

धनसिंग खिडकीशी आला, चिठ्ठी पुढे सरकवली:
"ताई, इतलं मी हाकेलच नही."
चिठ्ठीवर सात हजार नऊशे किलोमीटर.
जास्त आलं म्हणून तक्रार करणारा
अकरा वर्षांत हा पहिलाच.

पडद्यावर दोन तक्ते.
एकात फेऱ्या, दुसऱ्यात भत्ते.
ड्यूटी नंबरावर मी जॉइन लावला होता,
वर सम. उत्तर झटकन आलं,
म्हणून बरोबर वाटलं.

पण ज्या फेरीला रात्रीचाही भत्ता, सुटीचाही,
ती फेरी दोनदा उभी राहिली.
इगतपुरीला एकदाच गेलेला माणूस
माझ्याकडे दोनदा जाऊन आला.

मग भत्ते आधी एकेका ड्यूटीखाली मिटवले,
एका नंबराला एकच ओळ.
बेरीज अगोदर,
सोयरीक नंतर.

"पाच हजार दोनशे," मी म्हटलं.
तो बोटांवर पुटपुटला,
इगतपुरी, बडनेरा, बडनेरा, खंडवा…
"हां. आते बराबर शे."

जाता जाता हात लागलाच होता,
तर या खेपेस लेफ्ट जॉइन, चालकांच्या यादीपासून,
कुणी गळायला नको.
तळाशी वामन तायडे. नावासमोर नल.
मागच्या महिन्यापर्यंत तो उत्तरात यायचाच नाही,
आणि मीही विचारलं नव्हतं.

शून्य टाकता येतं, एका शब्दाचं काम.
पण शून्य म्हणजे गाडी हलली नाही.
नल म्हणजे आम्हाला ठाऊक नाही.

घरी फोन लावला. बायकोने उचलला.
"ते? ड्यूटीवर.
रोजच्यासारखे."