काडेपेटी

आमच्या प्रयोगशाळेत पोटं येतात काडेपेटीतून.
मी डबी देते, झाकणावर नाव लिहून,
ती घरी जाऊन हळदीची होते
आणि सकाळी खिडकीच्या कट्ट्यावर
सुतळी बांधलेली काडेपेटीच असते.

पैकूजी वाघाडेंची ही सहावी.
जिनिंगवर रात्रीचा चौकीदार,
खिशात सोड्याची पुडी, आणि पोटात,
"सरकीचा ढीग पेटल्यावानी, बाई.
वरून धूर नाई. आतून धगधग."

भिंगाला डोळा लावला.
जंताची अंडी नाहीत, अमिबा नाही.
रजिस्टरात लिहिलं : काही आढळले नाही.

"पाह्यलं ना नीट?"
चहा किती होतो?
बोटं मोजता मोजता दुसऱ्या हातावर गेले.
जेवण?
"टोस. कधी मुरमुरे.
एकट्यासाठी कोन थापते भाकर?"

ही नोंद कुठल्या रकान्यात करायची?
पोटात ठेवलेलं काचेवर येत नाही.
भाषेला ते कधीचं ठाऊक :
रात्री-अपरात्री फोन वाजला की गोळा येतो तो पोटात,
लेक एसटीत बसली की तुटतं ते पोट.
आणि मी, डिप्लोमावाली,
आढावा बैठकीच्या आदल्या रात्री
तीनदा टमरेल घेऊन उठते
आणि सकाळी नवऱ्याला सांगते, पाणी बदललं.

मे महिन्यात पैकूजी आले ते काडेपेटीशिवाय.
हातात कडीचा डबा.
शेजारच्या सुलकाबाई उईके
रात्री ज्वारीचं पीठ ताकात भिजवतात,
सकाळी अंबील शिजली की
भिंतीवरून एक गडवा इकडे.
महिना झाला.
आग?
"हाय ना. पन राखेखाली गेली."

डब्यात होतं न शिजवलेलं आंबवण.
"हे तपासा. याच्यात काय हाय ते सांगा."
आंबूस वासानं खोली भरली.
असला नमुना घ्यायचा नियम नाही.
नाही म्हणायचाही नाही.

एक थेंब. वर पातळ काच.
पिठाच्या दगडांमधून
गोल गोल, एकाला एक बिलगलेले,
काहींच्या कडेवर पोर फुटलेलं,
आणि मधल्या मोकळ्यात बारीक काड्यांची लगबग.

"काय दिस्ते?"
मी स्टूल सोडलं.
मफलर मागे टाकून ते वाकले,
आधी चुकीचा डोळा मिटला, मग बरोबर.
बराच वेळ बोलले नाहीत.
बाहेर कोणीतरी नंबर विचारत होतं.

"एवढी वस्ती?" ते म्हणाले,
आणि मान वर न काढता,
"मंग इतके दिवस
म्या कोनालेच जेवू घातलं नाई."