चार बोटं वाळू

अझरनं पिशवीला गाठ मारली आणि म्हणाला,
काका, हे मधल्या डोंगराला चिकटवू नका.
वाळूत एकटा दगड ठेवा,
चारी अंगानं चार बोटं वाळू सोडा.
हे हिरवं दिसतंय छान, पण लई आगाऊ.

मी उद्यमनगरात चौतीस वर्षं लेथवर काढली.
सुताचा फरक मला अंधारात कळतो.
तरी घरी येऊन हात पाण्यात घातला,
मोजलं, ठेवलं, लाइट लावली,
आणि विसरलो
की उजव्या हाताला करंगळी नाही माझ्या.
चकनं नेली, एकोणनव्वद साली.
माझी चार बोटं म्हणजे तीन.

रात्री ते मिटायचं.
जांभळी साल, उंबऱ्यावरच्या झिजल्या पायपोसासारखी.
सकाळी दहाला लाइट पेटली की
एकेक तारा उठायचा,
पंपाच्या झोतात सगळे एका बाजूला झुकायचे,
जसा फुलेवाडीच्या पुढं वाऱ्यात ऊस.
शालन चहा घेऊन तिथंच बसायची.
माणसाला घरात जागा नाही, म्हणायची,
आणि दगडाला बेट.

पाचव्या महिन्यात साल वाळूवर उतरली.
थेट नाही. एका शिंपल्यावर आधी,
मग शिंपल्यावरून डोंगराच्या पायाला.
मी ब्लेडनं खरवडलं.
आठ दिवसांत खरवडल्या जागी पुन्हा जांभळं.
मागच्या काचेवर चढलं, पंपाच्या दांड्यावर चढलं,
बटणासारख्या मशरूमना खालून झाकलं
आणि त्यांचा आवाज असा काही नसतोच,
म्हणून मला कळलं नाही.

निघेल ते फेकवेना.
बाटलीच्या टोपणांवर फेविक्विकनं चिकटवून वाटत सुटलो.
ताराबाई पार्कातल्या दाताच्या डॉक्टरला एक,
पोलीस लायनीतल्या ड्रायव्हरला एक,
कसबा बावड्याच्या मगदुमांच्या सन्मतीला दोन,
सातवीतली पोरगी, भावाच्या जुन्या टाकीत मीठ कालवून बसलेली.
प्रत्येकाला सांगितलं :
वेगळा दगड. चार बोटं.
आणि हात दाखवला नाही.

मग ते साल, पाणी शाहूपुरीत आलं ते.
आमच्या अलीकडं तीन घरांवर थांबलं,
पण लाइट चार दिवस गेली.
इन्व्हर्टर पहिल्याच रात्री बसला.
मी आणि शालननं आळीपाळीनं
तांब्यानं पाणी वर घेतलं, वरून सोडलं,
वर घेतलं, वरून सोडलं.
तिसऱ्या दिवशी मासे.
चौथ्या दिवशी वास.
गल्लीत होड्या फिरत होत्या
आणि माझ्या हॉलमधला समुद्र मेला.
ते आगाऊ, कशालाच न भिणारं,
तेसुद्धा बोट लावलं की सालीसकट निघालं.

रिकाम्या टाकीत शालननं लसूण ठेवला.
मी काही बोललो नाही.

उन्हाळ्यात सन्मती आली, सायकलच्या हँडलला बरणी अडकवून.
आमच्यात लई माजलंय काका, ब्लेडनं काढतोय रोज.
तुमचंच आहे.
बरणीत टोपण होतं. माझंच.
वर इतकं चढलेलं, की कुठल्या सोड्याचं ते वाचता येईना.

म्हटलं, पोरी, परत ने.
टाकी पिकायला दीड महिना लागतो,
तोवर तुझ्याकडंच राहू दे.
ती म्हणाली, बरं. आणि बसली. लाडू खाल्ला.
लसणाच्या पाकळ्या मोजून बाहेर काढायला लागली.

दीड महिन्यानं ती बरणी परत आली.
वाळू धुतलेली, दगड एकटा.
शालननं बांगड्या काढून कट्ट्यावर ठेवल्या,
कोपरापर्यंत हात आत घातला,
दगडाशेजारी चार बोटं टेकवली,
चारी, करंगळीसकट,
आणि काचेतून माझ्याकडं बघत म्हणाली,
एवढी पुरतील?

नाही पुरायची, म्हटलं.
ठेव.