आवर्तन

नॅण्टविचला बोट ताब्यात देताना त्या मुलाने
पंधरा मिनिटांत सगळं शिकवलं:
दांडा डावीकडे लोटला की नाक उजवीकडे,
गॅसची कळ, पाण्याची टाकी, संडासात काय टाकायचं नाही,
आणि घाई करू नका.
हे शेवटचं त्याने दोनदा सांगितलं.

भालकाका तोवर काठावर उकिडवे बसलेले,
पाण्यात काडी टाकून घड्याळ बघत.
बत्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात, डाव्या कालव्यावर;
काडी किती सेकंदांत किती हात जाते
यावरून क्युसेक सांगायचे.
काडी जागची हलली नाही.
"आवर्तन बंद आहे का?"

काका, हा कालवा वाहायचा नाहीच.
"मग भिजतं किती?"
काहीच नाही. लोक सुट्टीत येतात यावर.
त्यांनी बिस्किट चहात बुडवलं, ते तुटून तळाला गेलं,
तरी चमचा मागितला नाही.
"म्हणजे नुसता भरून ठेवलाय," म्हणाले.

ताशी तीन मैल.
काठावरून एक म्हातारं कुत्रं आम्हाला मागे टाकून गेलं,
पुढे थांबलं, वाट पाहिली,
कंटाळून परत फिरलं.
बांधलेल्या बोटींपाशी त्याहूनही हळू,
नाहीतर आत कुणाची तरी किटली घसरते.
सलील दांड्यावर कोपर टेकून उभा,
ऑफिसमध्ये कधी न दिसलेला चेहरा घेऊन.
गायी पाण्यात गुडघाभर. डिझेलचा वास, बेकनचा वास,
आणि मध्येच कुठूनतरी ओल्या पुदिन्याचा.

ऑडलमला पंधरा लॉक, एकामागे एक.
शब्दकोशात याला जलपाश म्हणतात, मी म्हटलं.
"पाश कसला? जिना आहे हा," काका म्हणाले,
आणि लोखंडी हँडल माझ्या हातून काढून घेतलं.
ते मग दिवसभर कुणाला मिळालं नाही.

लाल जाकिटातली मॉरीन तिथे फुकट काम करते, आठवड्यातून दोनदा.
तिने तळहात खाली दाबून दाखवला: आधी अर्धी झडप.
काकांना इंग्रजी येत नाही, पण हे येतं.
अर्धी. थांबले. बोटीचं नाक स्थिर झालं.
मग पूर्ण.
सातव्या लॉकपर्यंत मॉरीन नुसती बघत होती, हाताची घडी घालून.

तिकडे त्यांच्या गेटची कुलपं दगडाने फुटत.
टेलची माणसं रात्री कंदील घेऊन ओट्यावर येऊन बसत,
काकू त्यांना चहा द्यायच्या आणि आत येऊन रडायच्या.
एकदा कुणीतरी काकांनाच चारीत ढकललं.
चावी उशाखाली असायची.
हे मला आईने सांगितलंय. ते स्वतः
पाण्याबद्दल फक्त आकडे बोलतात.

बारावर बसून आम्ही सँडविच खाल्ली.
काकांनी खिशातून डायरी काढली,
रकाने त्यांनी घरूनच आखून आणलेले:
सोडले ११.४०. बंद ११.५२. तक्रार:
इथे पेन थोडा वेळ हवेत राहिलं.
खालच्या लॉकमध्ये दुसरी बोट वाट पाहत होती,
तिच्यावरचा माणूस आमच्याकडे पाहून हात हलवत होता,
त्याला अजिबात घाई नव्हती.
नाही, असं लिहिलं.

मॉरीनने विचारलं, हे आधी काय करायचे?
पाणी वाटायचे, मी सांगितलं. याहून बरं सुचलं नाही.
ती म्हणाली, किती सुंदर काम.
मी ते मराठीत सांगितलं.
काका इतके हसले की ठसका लागला,
सलीलने पाठीवर थापा मारल्या,
मॉरीन घाबरून पाण्याची बाटली घेऊन धावली.

रात्री बोट एका विलो झाडाखाली बांधली.
मी दिवा मालवायला गेले, तर हँडल
त्यांच्या उशाखालून अर्धं बाहेर आलेलं.
काढावंसं वाटलं, काढलं नाही.
सकाळी साडेनऊपर्यंत ते झोपले होते.
बदकं काचेवर चोच आपटत होती, पावासाठी.