सगळ्यात शेवटी कोण

पहाटे पाचला पट्टा सुरू होतो.
कॉड येतात तोंडं उघडी ठेवून,
जणू त्यांनाही या बाबतीत काही मत आहे.

आमच्या कानांवर पिवळी झाकणं.
यंत्राच्या घरघरीत शब्द टिकत नाही,
म्हणून वाद सुऱ्यांनी चालतो :
टोक वर केलं की नाही,
आडवं फिरवलं की तुझी अक्कल गहाण पडलीय.
सुरी खाली ठेवली तर मान्य.
ती अजून कुणी ठेवलेली नाही.

खरी जुंपते साडेनऊच्या कॉफीला.
जुलैत खाडीच्या वाळूवर जलसा,
तीन रात्री, आठ हजार माणसं, गावात आम्ही नऊशे,
आणि शेवटच्या रात्री सगळ्यात शेवटी कोण वाजवणार
ते अजून छापून आलेलं नाही.

ट्रोन्डुर म्हणतो, दुसरं कोण, रान्वा!
याच धक्क्यावर गाभोळी भरायची डब्यांत,
आज कोपनहेगनमध्ये तिकिटं मिळत नाहीत.
पोरीनं फेरो बेटांचं नाव काढलं.

काढलंच, म्हणतो बैनिर,
तिच्या शेवटच्या तीन पोस्टरांवरून.
गाण्यात एक तरी शब्द आपला राहिलाय?
बेटावरचं बेटावर राहिलेल्यांनी वाजवावं.
अकॉर्डियनवाले तिघे भाऊ घ्या.

त्यातला मधला तुझा मेहुणा.

मेहुणा असला म्हणून काय बोटं वाकडी होतात त्याची?

मारिवेल इलोइलोची, इथे नांदायला आलेली,
सहा वर्षं हे ऐकतेय आणि सँडविच सोलून आतलं चीज आधी खातेय.
म्हणते, आमच्या गल्लीत ज्याला शेवटी गायचं असेल
त्यानं आधी सगळ्यांना जेवू घालायचं.
मग कोण पुढे येतं बघा.
यावर मात्र दोघेही गप्प झाले, दोघेही कंजूष.

तेवढ्यात हाल्बेरा, दरवर्षीसारखी, खिडकीकडे पाहत :
वादळपाखरं.

चार जणांचा बँड, मी तिसरीत होतो तेव्हाचा.
एकच तबकडी निघाली, तिचीही दुसरी बाजू खरवडलेली.
ढोल वाजवायचा तो मार्चमध्ये ट्रॉलरवर गेला
आणि ट्रॉलरसकट.
एरवी आम्ही मान हलवतो, कप विसळायला उठतो.
यंदा नवीन पोरगा होता, त्याला कुणी सांगितलं नव्हतं.
म्हणाला, पण आजी, तो तर

माहीत आहे, हाल्बेरा म्हणाली.
म्हणून तर शेवटी म्हणते.
त्याला यायला उशीर होईल.

जूनमध्ये नाव लागलं.
इंग्लंडचे चौघे, आमच्या कुणाच्याच यादीत नव्हते.
दोन मिनिटं पट्टासुद्धा मुका वाटला.
मग ट्रोन्डुरची सुरी हळूच वर गेली :
त्यांच्या आधी कोण?

जलशाची शेवटची रात्र. रात्र कसली,
एक वाजता आकाश माशाच्या पोटासारखं पांढुरकं.
चौघे वाजवत होते, वाईट नव्हते, खरं सांगतो,
बैनिर तर खांद्यावर कुणाचं तरी पोर घेऊन नाचत होता,
उद्या विचारलं तर नाकारेल.
मी बिअरच्या रांगेत होतो.
तंबूमागे पालथ्या क्रेटवर हाल्बेरा बसलेली,
कानांवर कारखान्यातली पिवळी झाकणं,
हात मांडीवर, दाताच्या डॉक्टरकडे बसावं तशी.

टाळ्या झाल्या. पुन्हा एक गाणं. पुन्हा टाळ्या.
दिवे विझले, माणसं बोटींकडे निघाली,
पोरं वायरी गुंडाळायला लागली.
मंच पुरता रिकामा झाला
तेव्हा तिनं झाकणं काढून शेजारी ठेवली
आणि मान किंचित कलती केली.

मी जवळ गेलो नाही.
नुसता तिचा बूट दिसत होता, वाळूवर ठेका धरलेला.
दर वेळी जरासा उशिरा पडत होता.
कुणाच्या मागे, ते मला विचारू नका.