महानंदाताईंचं फडताळ

आठवा लागून अकरा दिवस झालेले.
नळाला पाणी यायचा वार नव्हता,
म्हणून दुपार मोकळी होती.
अम्मा म्हणाली, चल,
पण नुसतं बघायचं. आधी घरात आणायचं नाही काही.
वद्दु म्हणजे वद्दु.

नवी पेठेत ऊन असं
की मी पुढं जायची आणि चप्पल
डांबराला चिकटून मागं राहायची.

दुकान कसलं, दोन दुकानांमधली फट.
दोरीवर चिमट्यांनी झबली लावलेली,
पंख्यानं सगळी एकदम हात हलवायची.
"काय बघलालीस एवढं? हात लाव की,"
महानंदाताई म्हणाल्या.
"बंदाचं घे. डोक्यातनं घालायचं नको,
मान धरत नाही महिना-दोन महिने."

टोपडं मी माझ्या मुठीवर घालून पाहिलं.
मूठ एकदम कुणीतरी झाली.
पटकन काढलं.

कापडाची आम्हाला कमी नाही.
श्रीनिवास रविवारी येताना कारखान्यातून
टॉवेलांचे तुकडे आणतो, दोरे लोंबणारे,
अम्मा त्यांना जुनी साडी लावून दुपटी शिवते.
ते चालतं. ते विकत घेतलेलं नसतं.

मग मी हळूच म्हणाले, आणि ती,
पाजायची,
"फीडिंग ब्रा म्हण की. लाजतीस काय,
पोट काय लपवून आणलंस?"
कपाटाचं दार उघडून त्याच्या आड
मला उभं केलं, टेप फिरवली.
आता अडतीस.
चाळीसची घे, दूध माप विचारून येत नाही.

अम्मा रस्त्याकडं तोंड करून उभी होती.
तिनं मला पाजलं ते विडी कारखान्यात,
सूप बाजूला सारून,
पोलक्याची खालची दोन हुकं काढून,
आधी बोटं पदराला पुसून,
तंबाखू जाईपर्यंत.
जायची नाही, असं तीच सांगते.
आता वळली. क्लिप हातात घेतली.
हे एका हातानं निघतं?
"दुसऱ्या हातात पोर असतंय ना."
अम्मानं काढली, लावली.
पुन्हा काढली.

झबली सहा, टोपडी तीन, लंगोट डझनभर
ताईंनी पिशवीत घातले आणि
पिशवी मला दिलीच नाही.
"तुमच्यात आधी नेत नाहीत, आमच्यातबी नाही.
अर्धे पैसे दे. बाळ आलं की कुणालाबी पाठव."
मागं फडताळ होतं.
एकीला एक टेकून पिशव्या, प्रत्येकीला चिठ्ठी:
कोंडा, वैशाख. बिराजदार, जुळं.
शेख, पंधरा तारीख, पिवळं नको.
माझी त्यांच्यात बसली, नवीन मुलगी
वर्गात बसते तशी, कडेला.

खालच्या कप्प्यात एक होती.
चिठ्ठीवर शाई उडालेली,
तरी वाचता आलं: गड्ड्याच्या आधी.
गड्डा होऊन तीन महिने झाले.

ताईंनी फडकं घेतलं, सगळ्यांवरून मारलं,
तिच्यावरूनही,
तेवढंच, जास्त नाही कमी नाही.
मी विचारलं नाही.
अम्मानं माझा दंड धरला, जरा घट्ट.

"ही मात्र ने," ताई म्हणाल्या,
ब्रा कागदात गुंडाळत.
"ही बाळाची नाही. तुझी आहे."

रात्री लाईट गेली. अंगणात बाज टाकलेली,
अम्मा पलीकडं, कुशीवर.
मी घालून बसले गाऊनच्या आत,
डाव्या हातात उशी धरून.
टक. उघडली.
लावताना आकडा सापडेना, घाम,
बोट घसरलं,
टक.
पोटातून एक लाथ आली, उशीला लागली.

"किती वेळा?" अम्मा अंधारातून.
मी म्हणाले, न बघता जमेपर्यंत.
ती काही बोलली नाही.
पुट्ठ्याच्या तुकड्यानं
माझ्याकडं वारा घालत राहिली.