ठराव क्रमांक सात

सूचक मीच होतो.
इतिवृत्तात तसं आहे, माझ्याच अक्षरात:
'क्लबसाठी प्रमाणपत्रधारक प्रशिक्षक नेमावा.'
अनुमोदन ठोंबऱ्यांचं. विरोध कुणाचाच नाही.
चहा बारा, भजे चार प्लेट.

त्या वेळी यादगिरीमामा मैदानावरच होते,
पूर्णा जंक्शनच्या रेल्वे क्वार्टरांमागं,
चुन्याची पिशवी फाडून रेघा ओढत.
नोकरीभर फाटक सांभाळलेला माणूस.
पायात स्लीपर, तोंडात अर्धी तेलुगू,
आणि शिकवणं म्हणजे एवढंच:
'बॉल कुठं हाय ते नको बघू रे,
कुठं येणार हाय ते बघ.
गाडी आल्यावर फाटक लावतेत का?'

त्यांना सांगायचं कामही माझ्याकडंच आलं.
मी म्हणालो, मामा, तुम्ही मार्गदर्शक ऱ्हावा.
ते म्हणाले, बरं.
चुन्याचे हात पँटीला पुसले
आणि पेनल्टीच्या चौकटीची एक रेघ
अर्धी ठेवून घरी गेले.

नवे सर पुण्याचे. नाचणकर.
एक फाईल, एक शिट्टी, चाळीस केशरी शंकू.
माणूस वाईट नव्हता, हे मला लिहून ठेवायचंय.
पहाटे साडेपाचला पोरांच्या आधी हजर.
पण तीन आठवडे बॉल पिशवीतून काढलाच नाही.
शंकूंमधून पळा. शंकूंमधून परत या.
काय खाता, ते वहीत लिहून आणा.
लिंबाजीनं सात दिवस लिहिलं: भाकर, तेल-चटणी.
आठव्या दिवशी कोरं पान.
सर म्हणाले, आज उपाशी?
तो म्हणाला, नाही सर,
तेच ते लिहायची लाज वाटली.

मुदस्सरचा डावा पाय म्हणजे...
जाऊ द्या. ज्यांनी पाहिला त्यांना माहीत आहे.
त्याला मागं उभं केलं, बचावात.
परभणीकडून पाच गोल खाल्ले त्या दिवशी
तो मध्यरेषेपर्यंत यायचा आणि थांबायचा,
कमरेला दावं बांधल्यासारखा.
पुढच्या सोमवारी नांदेडच्या क्लबात होता.
तिकडं बूट देतात, रेल्वेचा पास काढून देतात.

संघपाल जालन्याला, भरतीच्या अकॅडमीत.
जोएल सिकंदराबादला काकाकडं, एसी दुरुस्तीत.
गोलकीपर गौस कबड्डीत गेला,
हातांचं काम आहे म्हणे तिथं.
लिंबाजी कुठंच गेला नाही,
फक्त मैदानावर यायचा थांबला.
संध्याकाळी पुलावर दिसतो. मान फिरवतो.
आधी मी फिरवतो, खरं म्हणजे.

हजेरीत अकरा नावांवर काट.
पट्टी लावून मारली आहे, रेघा सरळ आहेत.

राहिलं सरांच्या पगाराचं.
तो ज्या कंत्राटदाराच्या शब्दावर ठरला होता
तो गणपतीनंतर फोन उचलेना.
दोन महिन्यांत सरांच्या हातात नऊ हजार.
त्रेसष्टाव्या दिवशी पुण्याच्या गाडीत बसले,
मी पोचवायला गेलो.
खिडकीतून म्हणाले, माझंच चुकलं कुठंतरी.
तिथं मी 'आमचं' म्हणायला पाहिजे होतं.
गाडी हलली तेव्हा म्हणालो,
परभणीला जेवण करून घ्या.

शंकू इथंच राहिले.
नगरपालिकेनं नेले,
स्टेशन रोडला पाइपलाइनचा खड्डा आहे, त्याभोवती लावले.
रोज दुकान उघडायला जाताना
मी स्कूटी डावीकडून काढतो, उजवीकडून काढतो.

परवा पलीकडं मामा उभे होते,
हातात दुधाची बरणी.
थांबावंच लागलं.
'केवढ्याचा रे एक?'
म्हणालो, तीनशेचा.
ओठ हलवत मोजलं त्यांनी, फाटकातले डबे मोजावेत तसं.
'बारा हजार,' म्हणाले. 'चांगले हायेत. लांबून दिसतेत.'
मग जरा थांबून,
'बारा हजारात बॉल किती येतेत?'

मी मनात भागाकार केला.
आलेला आकडा
अजून इतिवृत्तात घेतलेला नाही.